सगळेच करत होते, मग शोध कुणाचा?

"टफ्ट केलेला गालिचा, त्याच्या पाठीला इथिलीनच्या एका ठरावीक जातीच्या पॉलिमरचा थर, तो वितळवून लावलेला, धाग्यांच्या आत शिरलेला, आणि त्यावर दुसरं कापड चिकटवलेलं." लेकीने पेटंटचा दावा मोठ्याने वाचला आणि मामाकडे, म्हणजे माझ्या दादाकडे, पाहिलं.

"मग? पुढचं वाच," दादा म्हणाला.

"पुढे काही नाही. दावा एवढाच."

"यात शोध कुठे आहे?"

लेक पेटंटची वकिली करते. अमेरिकी कायद्यावर तिला व्याख्यान द्यायचं होतं. त्यासाठी तिने 1990च्या दशकातले या जातीचे अर्ज वाचून हा नमुन्याचा दावा बेतला होता. दादा माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकून अमेरिकेला गेला आणि त्याची सगळी नोकरी जॉर्जियातल्या डाल्टन गावात, गालिच्यांच्या पाठी चिकटवण्यात गेली. गालिच्याची वरची बाजू याने कधी पाहिलीच नाही, असं वहिनी म्हणते. असा साक्षीदार आयता घरी आलेला असताना लेक त्याला सोडते कशाला!

त्या दोघांचं जुंपण्याआधी मला एक साधी शंका होती. गालिच्याला मुळात चिकट लागतोच कशाला? भदोही-मिर्झापूरकडचा गालिचा आपण पाहिलेला असतो. त्यात गाठ ताण्याच्या धाग्यावर मारलेली असते, ती ओढून निघत नाही. दादा म्हणाला, टफ्टिंगमध्ये गाठच नसते. कापड आधीच विणून तयार असतं. शेकडो सुयांची रांग त्यात वरून खाली जाते, खाली धाग्याचा फास राहतो, सुया वर येतात, कापड पुढे सरकतं. धाग्याला धरून ठेवणारी गोष्ट एकच, कापडाच्या भोकाची चिमटी. मांजराने एक टोक ओढलं तर सबंध ओळ उसवते.

या धंद्याची सुरुवातही या एका अडचणीपाशीच झाली. डाल्टनजवळच्या शेतावरच्या कॅथरीन एव्हान्स नावाच्या मुलीने 1895मध्ये एक जुना पलंगपोस पाहून तसाच दुसरा केला. सुती कापडात जाड सूत टाके घालून ओवायचं, टाके कापायचे, म्हणजे झुपके उभे राहतात. मग ती चादर गरम पाण्यातून काढायची. कापड आटतं, भोकं आवळतात आणि सूत अडकून बसतं. 1900मध्ये तिने पहिली चादर अडीच डॉलरला विकली आणि पुढे ही कला शेजारणींना मोकळ्या मनाने शिकवली. हमरस्त्याच्या कडेने दोऱ्यांवर या चादरी विकायला टांगलेल्या असत. मोराच्या नक्षीमुळे त्या पट्ट्याला मोरगल्ली म्हणायचे. सुयांची यंत्रं आली, चादरींचे गालिचे झाले, आणि डाल्टन स्वतःला जगाची गालिचा-राजधानी म्हणवून घेऊ लागलं.

"म्हणजे पहिला चिकट गरम पाणी होतं," लेक म्हणाली.

"होतं. पण भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरायचा गालिचा आटवून कसं चालेल? मग लॅटेक्स आलं."

लॅटेक्स म्हणजे पाण्यात मिसळलेलं कृत्रिम रबर, त्यात चुनखडीची पूड. वजनाने पाहिलं तर रबर कमी, चुनखडी जास्त. ते पाठीला फासायचं, वर दुसरं कापड दाबायचं आणि लांबलचक भट्टीतून काढून पाणी उडवायचं. हे दुसरं कापड आधी तागाचं असे, नंतर पॉलिप्रॉपिलीनचं झालं. आयुष्यभर भट्टीचं गॅसबिल पाहिलेल्या माणसाच्या कडवटपणाने दादा या भागाविषयी बोलत होता. शिवाय रबर एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणजे जुना गालिचा ना धड नायलॉन ना धड रबर. आणि वास! वॉशिंग्टनमध्ये खुद्द सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मुख्यालयात 1987-88मध्ये नवे गालिचे टाकले, तेव्हा कर्मचारी डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं म्हणून तक्रारी करू लागले. संशय गेला तो लॅटेक्समध्ये उपपदार्थ म्हणून राहणाऱ्या फोर-फिनाइलसायक्लोहेक्झीनवर. नव्या गालिच्याचा तो ओळखीचा वास याचाच.

"आता ऐक," दादा लेकीला म्हणाला. "लॅटेक्स नको, हे गावातल्या प्रत्येक मिलला माहीत होतं. वितळवून लावायचे चिकट आधीपासून होते. पॉलिइथिलीन होतं. ते वितळवून थर ओतणारा एक्स्ट्रूडर होता. नव्वदीच्या सुरुवातीला मेटॅलोसीन उत्प्रेरकांवर बनलेली नवी रेझिनं बाजारात आली, जास्त एकसारखी, जास्त लवचीक. कुणीतरी ती गालिच्याला लावली. जुना माल काढून नवा घातला, एवढंच. याला पेटंट?"

"मामा, तू न शिकता 1851 सालचा युक्तिवाद केलास."

हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड हा तो खटला. दाराच्या मुठी लाकडाच्या, धातूच्या असत; एकाने त्या चिनी मातीच्या केल्या. आत दांडा बसवायची खुबी जुनीच होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुन्या वस्तूत नुसता चांगला माल वापरणं हे कसबी कारागिराचं काम, शोधकाचं नव्हे. पेटंट गेलं. पुढे 1952च्या कायद्यात कलम 103 आलं त्याचं मूळ इथलंच आहे. त्या विषयातल्या सामान्य जाणकाराला त्या काळी जे उघड वाटलं असतं, त्यावर पेटंट नाही.

"झालं तर मग. मूठ मातीची, पाठ पॉलिमरची. चहा कर," दादा मला म्हणाला.

"चहा होईल. पण तू गालिचेवाला असून गालिच्याचाच खटला विसरलास."

हा खटला मला अजिबात माहीत नव्हता आणि दादालाही. ऑक्टोबर 1881च्या सत्रातला, लूम कंपनी विरुद्ध हिगिन्स. लव असलेला गालिचा विणताना धाग्याखाली तारा घालतात आणि पुन्हा ओढून काढतात, त्यानेच फास उभे राहतात. वेबस्टर नावाच्या माणसाने या तारांच्या हालचालीची यंत्रणा सुधारली. न्यूयॉर्कचे गालिचेवाले हिगिन्स म्हणाले, यातला एकेक भाग जुना आहे, जोडाजोड कुणीही केली असती. खालच्या न्यायालयात वेबस्टरची बाजू हरली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी ते फिरवलं. दिवसाला चाळीस यार्डांपुढे कधी न गेलेला माग पन्नास यार्ड काढू लागला, तर तो परिणाम नवा नाही कसा म्हणायचा? आणि जमल्यावर सगळ्यांनाच वाटतं की हे आपल्यालाही जमलं असतं. पण इतके लोक त्याच वाटेवर असताना कुणाच्या नजरेस ते पडलं नव्हतं, याला काही अर्थ आहे की नाही?

अमेरिकी पेटंट कायद्याला गालिच्यांनी एरवीही बरंच काम दिलं आहे. 1885मध्ये एका गालिचा-नक्षीच्या चोरीच्या खटल्यात न्यायालयाने भरपाई धरली सहा सेंट, कारण नक्षीमुळे नेमका किती नफा झाला हे मालकाला दाखवता येईना. संतापलेल्या उत्पादकांसाठी 1887मध्ये संसदेने नक्षीचोराचा सगळा नफा मालकाला देणारा कायदा केला, आणि त्याच तरतुदीवर सव्वाशे वर्षांनी ॲपल आणि सॅमसंग फोनच्या गोल कोपऱ्यांसाठी भांडले. हे आपल्या मुद्द्याचं नाही, पण लेकीला सांगायचंच होतं.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "पण वेबस्टरच्या त्या मागात काहीतरी यंत्र तरी होतं. इथे नुसतं रेझिन आहे."

मग लेकीने उलटतपासणी सुरू केली.

"लॅटेक्स पाठीला फासल्यावर कुठे जातं?"

"धाग्यात मुरतं. पाण्यासारखं असतं ना. एकेका धाग्यात शेकडो तंतू असतात, त्यांच्या मधे शिरतं."

"आणि वितळलेलं पॉलिमर?"

"ते गुळाच्या पक्क्या पाकासारखं. वर बसून राहतं."

"मग गालिच्याचं काय होतं?"

"फास ओढला तर अख्खा निघत नाही, पण आतले तंतू सुटे राहतात. वर्दळीने ते वर येतात, गालिचा केसाळ होतो. आम्ही वेल्क्रो गुंडाळलेला रूळ त्याच्यावरून फिरवून ते तपासायचो."

"मग आणखी गरम का करत नव्हता? पातळ होईल की."

"अगं, ज्या कापडात सुया मारल्यात ते पॉलिप्रॉपिलीनचं. एकशे साठ अंशांच्या आसपास वितळायला लागतं. वरचं नायलॉन टिकेल, खालचं कापड आक्रसून बसेल."

"म्हणजे थंड ठेवलं तर शिरत नाही, तापवलं तर कापड जातं. मग?"

दादाला आता कळलं होतं की तो कुठे चालला आहे, पण कामाच्या गोष्टी निघाल्यावर त्याला थांबता येत नाही. माल आधी तापवून घ्यायचा, रुळांमध्ये दाब वाढवायचा, खालून हवा ओढून पॉलिमर आत खेचायचं, नाहीतर आधी एक पातळ हात मारून घ्यायचा आणि मग वितळलेला थर. रेझिनची जात बदलायची, मेण घालून ते पातळ करायचं, पण मेण जास्त झालं की पकड जाते. पूड घालायची की नाही, किती घालायची. तो हातवारे करून रूळ दाखवत होता.

"आणि हे सगळं पहिल्याच ट्रायलला जमलं?"

"ट्रायल पहिल्याच वेळी जमते का कधी?"

"माझे प्रश्न संपले," लेक म्हणाली. हे ती कोर्टात म्हणत असेल तसंच म्हणाली, आणि मला माझ्याच मुलीचा किंचित राग आला.

दादाचं उत्तर मात्र चांगलं होतं. "न जमणं हे आमचं रोजचं काम आहे. दाब, तापमान, वेग हे फिरवत बसणं यालाच प्रोसेस इंजिनिअरचा पगार मिळतो. ट्रायल फसली म्हणजे शोध झाला असं धरलं तर डाल्टनमधल्या प्रत्येक शिफ्टला एकेक पेटंट द्यावं लागेल. दिशा सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळे त्याच दिशेने चालले होते. जो आधी पोचला त्याचे पाय लांब, एवढंच."

"सगळेच करत होते?"

"सगळेच."

"आणि जमत नव्हतं?"

"कुणाला थोडं, कुणाला बरं."

या 'सगळेच करत होते'पाशी वाद बराच वेळ अडकला, आणि माझ्या मते तिथेच अडकायला हवा होता. कारण हे एकच विधान दोन्ही पक्षांच्या कामाचं आहे. 1966मध्ये ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर या नांगराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उघडपणा ठरवायची रीत घालून दिली. आधी काय ठाऊक होतं ते पाहा, दावा त्याहून किती वेगळा आहे ते पाहा, जाणकाराची पातळी ठरवा. आणि जोडीला धंद्यातलं यश, फार दिवसांची गरज, इतरांचं अपयश हेही तपासा. त्याच दिवशी ॲडम्सच्या बॅटरीचाही निकाल लागला. मॅग्नेशियम आणि क्यूप्रस क्लोराईडची, पाणी ओतल्यावर चालू होणारी बॅटरी. दोन्ही पदार्थ जुनेच. पण लष्कराच्या तज्ज्ञांनी ती आधी नाकारली आणि मग तीच वापरली. जाणकारच चालणार नाही म्हणत असतील तर ती उघड कशी? पेटंट टिकलं.

"मी कुठे चालणार नाही म्हणालो होतो?" दादा म्हणाला. "मी म्हणालो, जमेल, पण वेळ लागेल."

"ते तुझ्या बाजूचं आहे," लेकीने मान्य केलं. "आणि तुझ्या हातात आणखी मोठं शस्त्र आहे. 2007चं केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स."

गाडीचं पुढे-मागे होणारं पेडल आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सर, दोन्ही जुने, एकत्र बसवलेले. त्याआधी पेटंट अपिलांचं न्यायालय बरीच वर्षं म्हणत आलं होतं की दोन जुन्या गोष्टी जोडणं उघड ठरवायचं तर तशी शिकवण, सूचना किंवा प्रेरणा दाखवून द्या. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही घट्ट चौकट सैल केली. बाजाराचा रेटा असेल, समोर मोजकेच आणि निकाल अंदाजता येण्याजोगे पर्याय असतील, तर जाणकार ते करून पाहणारच. आणि त्यातून अपेक्षित तेच मिळालं तर ती हुशारी नव्हे, साधं कौशल्य.

"आणि हा जाणकार माणूस कसा असतो?"

"जगातलं त्या विषयातलं सगळं छापलेलं वाचलेला. पण स्वतः काही नवं न सुचणारा."

"असा माणूस डाल्टनमध्ये मी पाहिला नाही. तिथे उलटे असतात. काही न वाचलेले, पण रोज काहीतरी सुचणारे."

"2007मध्ये न्यायालयाने त्याला थोडी सामान्य कल्पकता दिली. तोवर तो फक्त वाचत होता."

मग त्यांचं मोजक्या पर्यायांवरून सुरू झालं. दादा म्हणे, लॅटेक्सला पर्याय कितीसे? पीव्हीसी, पॉलियुरेथेन, ईव्हीए, पॉलिओलेफिन. बोटावर मोजा. लेक म्हणे, रेझिनं मोजकी, पण प्रत्येकाला दाब, ताप, वेग, पूड, मेण, पूर्वलेप यांची वेगळी जोड. तिथे मोजणी संपत नाही, आणि कुठली जोड चालेल याचा अंदाज कुणालाच नव्हता, हे तू आत्ताच कबूल केलंस. दादा म्हणे, मी कबूल केलं ते प्रक्रियेबद्दल. तुझा दावा प्रक्रियेचा कुठे आहे?

इथे लेक पहिल्यांदा थांबली.

मला या वादात दादाची बाजू अधिक पटते ती याच प्रश्नापाशी. शोध झाला असेल तर तो पाक धाग्यात शिरवण्यात झाला आहे, रेझिन निवडण्यात नाही. पण दावा काय म्हणतो? धाग्यांच्या आत शिरलेला. कसा शिरवला, किती शिरला, कापड न वितळता कसा शिरला, यातलं काही नाही. कष्ट एका गोष्टीचे आणि मालकी दुसऱ्याच गोष्टीची. आणि ती दुसरी गोष्ट, म्हणजे अमुक जातीचं रेझिन गालिच्याच्या पाठीला, ही तर त्या काळी रस्त्यातच पडलेली होती. लेकीचा बचाव सगळा खरा आहे, फक्त तो या दाव्याचा नाही, न लिहिलेल्या एका अरुंद दाव्याचा आहे.

उलट बाजूला दादालाही एक गोष्ट सोयीची म्हणून विसरता येणार नाही. लॅटेक्सपासून सुटलेली पाठ हे स्वप्न कागदावरच राहिलं असतं तर आज आपण हे बोलत नसतो. शॉ या गालिचा कंपनीची पॉलिओलेफिनची, म्हणजे पॉलिइथिलीनच्याच कुळातली, पाठ 1999मध्ये बाजारात आली. तिची लढाई लॅटेक्सशी नव्हे, चौकोनी गालिच्यांच्या पीव्हीसीशी होती. 2002 संपेपर्यंत कंपनीच्या मालात तिने पीव्हीसीला मागे टाकलं होतं आणि 2003मध्ये तिला हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. ही पाठ पुन्हा वितळते, म्हणून जुना गालिचा सोलून दोन्ही माल परत वापरता येतात. धंद्यातलं यश आणि फार दिवसांची गरज, ग्रॅहमच्या यादीतल्या दोन्ही ओळींवर अशा मालाला खूण मिळते. पण लेकीनेच सांगितलं की यश दाव्यातल्या नव्या भागामुळे आलं हेही सिद्ध करावं लागतं. विक्रेत्यांच्या फौजेमुळे किंवा किमतीमुळे आलं असेल तर ते मोजत नाहीत.

"आणि हे ठरवतं कोण? ज्युरी?" मी विचारलं.

कोर्टात गेलं तर ज्युरी, आणि तिथे पेटंट रद्द करायला स्पष्ट, खात्रीलायक पुरावा लागतो. पण सप्टेंबर 2012पासून पेटंट कार्यालयाच्याच मंडळापुढे दाद मागता येते. तिथे पारडं थोडं जरी झुकलं तरी पुरे, आणि समोर बसलेले तांत्रिक शिक्षण झालेले असतात. उघडपणाची हरकत घेणारे म्हणून आधी तिथेच धावतात. "तिथे मामासारखे लोक बसतात," लेक म्हणाली. दादाला ते आवडलं.

भारतातल्या कायद्याचं मी विचारलं, तर लेकीने फार वेळ घेतला नाही. आपल्या 1970च्या कायद्यात नंतर आलेल्या व्याख्येप्रमाणे तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असलं तरी जाणकाराला ते उघड नसायला हवं, आणि 1978मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लेथवर भांडी धरायच्या एका जुगाडाचं पेटंट याच कसोटीवर रद्द ठरवलं. जुन्या गोष्टीची साधी सुधारणा, असं म्हणून. दादा लगेच, "बघ, आपल्याकडे मी जिंकलो असतो." ती म्हणाली, अरुंद दावा लिहून आणते, मग बघू.

आणि खरंच तिने लिहायला घेतला. माल अमुक अंशांपर्यंत आधी तापवलेला, पॉलिमरची वितळ-प्रवाहिता अमुक ते अमुक, रुळांचा दाब इतका, आणि तंतूंमधली निदान इतकी टक्के जागा भरलेली. आकडे तिने रिकामे सोडले आणि कागद मामापुढे सरकवला. दादाने चष्मा लावला, पेन घेतलं, एक आकडा भरला, खोडला.

"हा आकडा कुणालाही सुचला असता," तो म्हणाला.

"मग तू खोडलास का?"

"पॉलिमर बदललं तर बदलेल म्हणून." पेन खाली ठेवून तो पुढे म्हणाला, "तू चुकीच्या ठिकाणी शोधतेयस. तुझ्या अर्जाची तारीख काढ. मग रेझिन विकणाऱ्याचं माहितीपत्रक शोध. नवं रेझिन आलं की त्यांचा माणूस बॅग घेऊन मिलमध्ये यायचा, आणि पत्रकाच्या शेवटी कुठे वापरता येईल याची यादी असायची. फिल्म, केबल, बूट, चिकट, लेप. त्या यादीत गालिच्याची पाठ आहे का बघ, आणि पत्रक अर्जाच्या आधीचं आहे का बघ."

"आणि यादीत नुसतंच 'लेप' असेल तर?"

"तर मग," दादा म्हणाला, "तुझी फी वाढव."